चिमटीच्या दारातली पिशवी

एक होती खेकडी. एवढीश्शी. तिचं नाव चिमटी. नदीकाठी तिचं बीळ होतं.

एकदा चिमटी शेवाळ खायला गेली. परत आली, तर दारात पिशवी! फुगलेली, गच्च. गाठ दुहेरी. वास झेंडूचा.

"कोण गं तू? सरक!" पिशवी हलेना.

शेजारी बगळा उभा. एका पायावर. डोळे मिटलेले. झोपला होता? की सोंग करत होता? चिमटीला काही कळेना. घरात शिरायलाच हवं. नाहीतर बगळा मटकावेल.

तुरुतुरु तुरुतुरु, तिरकी तिरकी, चिमटी निघाली.

"नदीबाई, तूच आणलीस ना पिशवी? ढकल तिला."

"मी नाही गं बाई. पुलावरून पडली ती. ढकलू कशी? ओढा पाणी देईना. त्याला विचार."

चिमटीने एक डोळा इकडे केला, एक डोळा तिकडे केला. "हं," म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु, तिरकी तिरकी.

"ओढेदादा, पिशवी हलेना, नदी ढकलेना. मी घरी जाऊ कशी?"

"मी नाही. कुंडीतला कचरा माझ्या गळ्यात अडकलाय. तिला विचार."

एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे. "हं."

तुरुतुरु तुरुतुरु, तिरकी तिरकी.

"कुंडीमावशी, पिशवी हलेना, नदी ढकलेना, ओढा वाहीना. मी घरी जाऊ कशी?"

"मी नाही. माझं पोट भरलंय, सगळं बाहेर सांडतंय. घंटागाडी येईना. तिला विचार."

एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे. "हं."

तुरुतुरु तुरुतुरु, तिरकी तिरकी.

"गाडीताई, पिशवी हलेना, नदी ढकलेना, ओढा वाहीना, कुंडी आवरेना. मी घरी जाऊ कशी?"

"टण टण! मी नाही. शकूकाकू ओला-सुका कचरा एकत्र करतात. तसला मी नेत नाही. त्यांना विचार."

शकूकाकू पुलाकडे निघाल्या होत्या. हातात पिशवी. फुगलेली, गच्च. गाठ दुहेरी. वास झेंडूचा.

"काकू, पिशवी हलेना, नदी ढकलेना, ओढा वाहीना, कुंडी आवरेना, गाडी उचलेना. मी घरी जाऊ कशी?"

"मला काय विचारतेस? मी देवाची फुलं नदीत सोडायला चाललेय. केरात कशी टाकू?"

"पिशवीसकट सोडता?"

"हो तर, नेहमीच."

"माझ्या दारात अश्शीच एक आहे."

काकूंनी गाठीकडे पाहिलं. "अगंबाई, ती माझीच."

काकूंनी फुलं जास्वंदीच्या मुळाशी घातली. ओला कचरा वेगळा केला, सुका वेगळा केला.

मग गाडी आली, टण टण. तिने कुंडीतलं उचललं, ओढ्यातलंही उचललं. कुंडी आवरली. ओढा वाहिला. नदी ढकलायला आली.

"थांब," काकू म्हणाल्या. "पुढे आणखी कुणाच्या दारात जाईल. माझी आहे, मीच काढते."

काकू पाण्यात उतरल्या. पिशवी ओढली. पिशवी हलली!

बगळ्याने एक डोळा उघडला. सोंगच होतं!

चिमटी सुर्रकन घरात. बगळ्याची चोच वाळूत, खट्.

आता काकू पुलावरून जातात, तेव्हा बिळातून दोन डोळे वर येतात. काकूंचे हात बघतात. रिकामे असले, की आत जातात.