गोदाक्काची जुनी प्लेट

फार वर्षांपूर्वी नाही, पण गच्चीवरच्या वस्तूंना फार जुनी वाटावी अशी ही गोष्ट. गोदाक्काने सोलरची म्हातारी प्लेट उतरवून अंगणात उन्हात ठेवली आणि भंगारवाल्या निवृत्तीला बोलावले.

निवृत्तीच्या पिशवीतला हातोडा प्लेटला हसला. "म्हातारे, तुझी चौकट आमची. काचेचा चुरा ओढ्यात. तुझ्या मागच्या दोघी बहिणीही तिथेच गेल्या."

"त्या ओढ्यावर अक्काच्या म्हशी पाणी पितात," प्लेट म्हणाली. "मी फुटणार नाही. काच, तांबं, चांदी जिथे वेगळी काढतात, तिथे मी अख्खी जाईन."

"मेलेल्यांनी हट्ट करू नये!"

"मी मेले, हे कोणी सांगितलं तुला?"

इतक्यात निवृत्तीने कापायला म्हणून तिच्या दोन्ही वायरी एकदम पकडीत धरून दाबल्या. चर्रकन ठिणगी उडाली आणि पकड त्याच्या हातून पडली.

"अक्का, ही जिवंत आहे की!"

"ऊन आहे तोवर असणारच. मागच्या दोघींचं काय केलंस रे?"

निवृत्तीने ओढ्याकडे पाहिले.

"मग हिला काच-तांबं वेगळं काढतात तिथे अख्खी पोचव. पोचवल्याची पावती आण आणि मगच हा हातोडा ने," असे म्हणून गोदाक्काने हातोडा काढून घेतला.

प्लेट टेम्पोत चढली, ती उन्हाकडे तोंड करूनच. पुन्हा ठिणगी उडू नये म्हणून निवृत्तीने हळूच तिला झाकायला गोणपाट मागितले.