हुप्प्याचं शेपूट

चूक म्हाताऱ्या हुप्प्याचीच होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वानरांच्या कळपाचा हा म्होरक्या. फार वर्षांपूर्वी डाकबंगल्याच्या छपरावर बसून त्यानं साहेबाचे चार शब्द उचलले, आणि तेव्हापासून कळपात साधं सांगणं बंद झालं. एकाला कळवायचं तर ‘इन्फॉर्म’, सगळ्यांना ओरडून सांगायचं तर ‘अनाउन्स’, म्होरक्यापुढे उभं राहून सांगायचं तर ‘रिपोर्ट’. शब्द चुकला की म्हाताऱ्याला सांगणाऱ्याचाच संशय यायचा.

एका दुपारी तो जांभळीच्या खालच्या फांदीवर शेपूट सोडून बसला होता. टिटवी धापा टाकत आली.

“आजोबा, बिबट्या आलाय!”

हिचा डोळा माझ्या जांभळांवर आहे, हुप्प्याच्या मनात आलं. टिटवी जांभळं खात नाही, हेही त्याला आठवलं नाही.

“हे इन्फॉर्म करतेस की रिपोर्ट? तुला पाठवलं कोणी?”

“अहो, शेपूट वर घ्या आधी!”

“अनाउन्स का नाही केलंस? मलाच एकट्याला का सांगतेस गं?”

टिटवी उडाली. खालून बिबट्यानं झेप घेतली.

हुप्प्या जिवानिशी सुटला, पण शेपूट गेलं. त्यावाचून उडीचा तोल साधेना, म्हणून कळप त्याला त्याच झाडावर सोडून पुढं गेला.