उजव्या बाजूची बातमी

एका विद्यालयाच्या भित्तिपत्रकाची संपादिका होती दहावीतली शाल्मली. पत्रकारितेच्या वर्गाच्या बातम्या डावीकडे लागत, सर्जनशील लेखनाच्या वर्गाच्या कथा उजवीकडे. प्रत्येक मजकुराखाली लेखकाचे नाव असे. ‘ग्रंथालय वर्षभर कुलूपबंद’ ही तिची बातमी वाचून संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब संतापले.

“पोरी, हे काढ. ‘ग्रंथालय रोज उघडे असते’ असे लाव, नाहीतर उद्यापासून तुझा पत्रकारितेचा वर्ग बंद.”

शाल्मलीचा स्वर ढळला नाही. “लावते, तात्यासाहेब. मात्र डावीकडे डोळ्यांनी पाहिलेलेच लागते. हे उजवीकडे, कथांमध्ये लावीन. खाली लेखक म्हणून आपलेच नाव घालू ना?”

तात्यासाहेब शिपायाकडे वळून म्हणाले, “ग्रंथालयाची किल्ली आण, आजपासून ते रोज उघडायचे. हिला ही बातमी डावीकडेच लावू दे.”