न पेटलेले खोरे

एकदा एक वृद्ध अरण्यज्ञ होता. साऱ्या डोंगररांगेत रानाची त्याच्याइतकी जाण कुणालाच नव्हती. त्याच्या शिष्यावर दरबाराने एक काम सोपवले: येत्या पन्नास वर्षांत वणव्याचा धोका कुठे किती, याचा नकाशा काढायचा. आग अडावी म्हणून पालापाचोळा झाडून मोकळा पट्टा ठेवतात, त्याला जाळरेषा म्हणतात. ती झाडणारी माणसे मोजकीच होती. त्यांना कुठे पाठवायचे, ते या नकाशावरून ठरणार होते.

शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. त्याने चाळीस वर्षांच्या वणव्यांच्या नोंदी जमवल्या, उतार मोजले, वाऱ्याच्या दिशा टिपल्या. जिथे वारंवार पेटले तिथे लाल रंग दिला, जिथे कधीच पेटले नाही तिथे हिरवा.

"या हिरव्या खोऱ्यात जाऊन आलास?" गुरूंनी विचारले.

"तिथे कशाला, गुरुजी? चाळीस वर्षांत एक ठिणगी पडलेली नाही."

गुरू काहीतरी बोलणार होते, पण शिष्याचा फुललेला चेहरा पाहून गप्प राहिले. नकाशा दरबारात गेला. वाहवा झाली.

त्या माघात हिरव्या खोऱ्यातली धडधाकट माणसे लाल डोंगरांवर कामाला नेली. चैत्रात खोरे पेटले आणि दोन दिवस जळत राहिले. वस्तीतले लोक नदीत उतरून वाचले. वस्तीतलीच सुगनाबाई तेवढी वाचली नाही. दरवर्षी सगळी वस्ती मिळून डोंगराच्या माथ्यावर जाळरेषा झाडायची. यंदा हातच नव्हते, म्हणून सत्तरीची ती म्हातारी एकटी झाडायला गेली होती. आग आली तेव्हा तिची अर्धी रेषा झाली होती.

शिष्य त्या राखेतून फिरून आला. नकाशा गुरूंपुढे पसरून तो म्हणाला, "या खोऱ्याला लाल रंग देतो, गुरुजी. चूक सुधारतो."

गुरूंनी त्याच्या हातातला कुंचला काढून घेतला. ओले फडके घेऊन ते नकाशावरचा उरलेला हिरवा रंग पुसू लागले. एकेक खोरे कोरे होत गेले.

"अहो गुरुजी, हे काय करता? ही खोरी तर सुरक्षित आहेत!"

"कुणी ठेवली?"

शिष्य वणव्यांच्या नोंदी चाळू लागला.

"कुठे पेटले ते तू मोजलेस," गुरू म्हणाले. "कुठे पेटले नाही आणि का नाही, हे विचारायचे राहिले. एखादे रान ओलाव्याने वाचते, एखादे कुणाच्या तरी वाकलेल्या कमरेने. कागदावर दोन्ही सारखीच हिरवी दिसतात. न लागलेल्या आगीची नोंद कोण ठेवणार? ज्यांनी ती लागू दिली नाही, त्यांनाच आपण तिथून उठवले."

"म्हणजे सुगनाबाई माझ्या नकाशाने गेली."

"तुझ्या नकाशाने, आणि माझ्या गप्प बसण्याने."

शिष्य ढसाढसा रडला. गुरूंनी त्याची समजूत घातली नाही. घालण्यासारखे काही नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी तो कोऱ्या झालेल्या पहिल्या खोऱ्यात गेला. एका झोपडीपुढे एक म्हातारा दोर वळत बसला होता.

"बाबा, इथलं रान कधीच कसं जळलं नाही?"

"झाडतो ना आम्ही माथ्यावरून. मी अन् माहा भाऊ." म्हाताऱ्याने दोराला पीळ दिला. "भाऊ गेला दिवाळीत. आता एकटाच आहो मी."

शिष्याने नकाशा उघडला. जिथे आजवर एकदाही पेटले नव्हते, तिथे त्याने सगळ्यांत गडद लाल रंग भरला. मग त्याने म्हाताऱ्याला नाव विचारले, वय विचारले, आणि दोन्ही त्या रंगाशेजारी लिहिले.