बारशादिवशी विझवलेली चूल

फार फार मागं, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावात होती सासू मथुरा, तिचा लेक राणबा, सून येसू आणि पाळण्यात तान्हं नातवंड.

थंडी अशी की चूल घरातच हवी. पण धुरानं जावं कुठं? तो घरभर फिरायचा. लेकरू खोकून खोकून निळं पडायचं. येसू म्हणाली, "या घरात एक तर धूर राहील, नाहीतर माझं बाळ."

मग राणबानं कुंभाराकडून मातीच्या नळ्या आणल्या. एकीत एक बसवून धुराडं गवती छपरातून बाहेर काढलं. पाऊस गळू नये म्हणून भोवती गवत गच्च ठासलं. दिसायला कसं सुबक!

बारशाचा दिवस उजाडला. सासू म्हणाली, "पेटव गं चूल. दूध उतू जाऊ दे. विहीणबाई येतील, बघू देत आमचं धुराडं!"

येसूनं जाळ केला. धूर सरळ वर गेला. सगळे हरखले. येसू मात्र शिडीवर चढली आणि नळी छपराला टेकते तिथं तिनं तळवा लावला. चटका बसला तशी खाली आली, जळती लाकडं ओढली आणि अंगणात नेऊन विझवली.

"अगं सटवे! पहिला जाळ विझवलास? विहिणीपुढं नाक कापतेस?"

"आत्याबाई, जिथं हात टिकत नाही, तिथं वाळलं गवत कसं टिकेल?"

"तुझे हात लोण्याचे!" म्हणत सासू चढली. तिचा तळवा म्हणजे जन्मभर तव्यावरची भाकरी उलटलेला. पण तोही टेकवेना.

म्हातारी वरूनच ओरडली, "राण्या, कोयता आण!"

नळीभोवतीचं गवत तिनं स्वतः हातभर कापलं. राणबानं वासे दूर सारले, मधे भोक पाडलेली दगडी चीप चिखलानं बसवायला घेतली. ठिणगी पडली तर दगडावर पडावी म्हणून चुलीपुढंही फरशी मांडली.

काम अर्ध्यात असतानाच विहीण आली. "नवी चूल बघायला बोलावलंत, नि भाकऱ्या अंगणात थापताय होय?"

सासूनं मान ताठ केली. "पेटली होती हो विहीणबाई! तुमच्या लेकीनं विझवली, म्हणून आमच्या डोक्यावर आज छप्पर आहे. अशी सून पंचक्रोशीत दुसरी दाखवा!"

चिखल वाळला, चूल पुन्हा पेटली. धूर आभाळात गेला, ऊब घरात राहिली. लेकरानं बाळसं धरलं, आणि त्याच छपराखाली पुढं नातवंडं-पतवंडं सुखानं नांदली.

बाळांनो, ज्या घराला जाळ वेळेवर विझवता येतो, त्याच घराची चूल पिढ्यानपिढ्या पेटती राहते.