नानकटाईवरची सही

दिवाळीला गावातल्या बायका घरी नानकटाईचे गोळे वळत, अंगठ्याने त्यांवर खळगा पाडत आणि भाजायला करीमभाईंच्या बेकरीत नेत. प्रत्येकीच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी असायची. त्या दिवशी भट्टीत दोन चिठ्ठ्या जळाल्या आणि त्या दोन ट्रेंपैकी एक करपलाही.

दुसरा मात्र छान सोनेरी उतरला. नगराध्यक्षांच्या पत्नी मालिनीबाईंनी रंगवलेल्या नखांनी तोच पुढे ओढला. "हा आमचा!"

जळालेली दुसरी चिठ्ठी कुमुदताईंची होती. लेकीच्या पहिल्या दिवाळसणाचा डबा पाचच्या एसटीने जायचा होता आणि घरात चमचाभरही तूप उरलं नव्हतं. बेकरीचा परवाना नगराध्यक्षांच्या हाती, त्या धाकाने करीमभाई भट्टीची राख ओढू लागले.

कुमुदताईंनी दोन्ही ट्रे नीट न्याहाळले. मग विचारलं, "वहिनी, गोळे तुमच्या स्वयंपाकीणबाईंनी वळले असतील ना?"

"छे! नानकटाईला मी दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही. एकूण एक खळगा माझ्या अंगठ्याचा."

"मग प्रश्नच मिटला." कुमुदताईंनी करपलेला ट्रे उजेडात धरला. प्रत्येक खळग्यात लांब नखाची कोर उमटली होती. सोनेरी नानकटाईचे खळगे मात्र गुळगुळीत होते. "चिठ्ठी जळाली म्हणून काय झालं? तुम्ही तर एकूण एक नानकटाईवर सही केलीय."

मालिनीबाईंनी हात पदराआड घेतला. करीमभाईंनी सोनेरी नानकटाई भराभर कुमुदताईंच्या डब्यात भरून दिली. एसटी मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून बेकरीतली चिठ्ठी बंद झाली. करीमभाई येईल तिला सांगत, "ताई, अंगठा तेवढा नीट दाबून आणा."