रिकाम्या काचपेटीला रोज एक घास

एकदा एक निवृत्त परिचारिका एका वृद्ध गृहस्थांच्या दारी दोन मासे मागायला गेल्या. गाव बंदराचे, तेव्हा यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. पण हे मासे तव्यावरचे नव्हते.

त्या वृद्धांना सारे गाव आबा म्हणे. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. प्राध्यापक आले आणि बदलून गेले. समुद्राच्या पाण्याची काचपेटी मात्र शेवटपर्यंत आबांनीच सांभाळली. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शालही मागितली नाही आणि भाषणही केले नाही. पेटीतली विदूषक माशांची जोडी तेवढी मागून घेतली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, बोटाएवढे ते दोन जीव आबांच्या ओटीवर सोळा वर्षे नांदत होते.

आता आबांचे हात कापू लागले होते. खाऱ्या पाण्याची बादली उचलवत नव्हती. दिवाळी झाली की लेकीकडे अकोल्याला कायमचे जायचे ठरले होते, आणि एवढा प्रवास त्या म्हाताऱ्या जोडीला झेपणार नव्हता. मासे कोणाच्या तरी हवाली करणे भाग होते.

मागणारे दोघे होते. एक गावातले कापडाचे व्यापारी. त्यांच्या दुकानात सहा फुटी पेटी तयार होती, निळ्या दिव्याची, दर पंधरवड्याला घासूनपुसून लख्ख केलेली. तिच्यात मासा महिनाभर टिकला तर दुकानातली माणसे त्याचे कौतुक करत. मेला की शेठजी दुसरा आणत. दुसऱ्या होत्या या कुंदा सिस्टर. चौतीस वर्षे त्यांनी ऑपरेशन थिएटर सांभाळले होते. आबांच्या मोतीबिंदूच्या वेळी त्यांचा हात धरून उभ्या राहिल्या होत्या त्या याच.

"घरी सगळं नीट आहे, आबा," सिस्टर म्हणाल्या. "पण सकाळी उठून कुणासाठी काही करायचं, असं उरलेलं नाही. मला ते सहन होत नाही."

सरळ माणसाचे सरळ बोलणे आबांना आवडले. ते म्हणाले, "जोडी तुम्हांलाच द्यावी असं माझ्या मनात आहे. पण आधी घर तयार हवं. दिवाळीपर्यंत झालं नाही, तर शेठजींना हो म्हणावं लागेल. माशांना काही मी हवेत ठेवून जाऊ शकत नाही."

मग त्यांनी आपल्या पेटीतून एक मुठीएवढा, भोकाभोकांचा दगड काढला आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून सिस्टरांच्या हाती दिला. काय करायचे तेही सांगितले. पाणी धक्क्याच्या टोकावरून, भर भरतीचे घ्यायचे आणि फडक्यातून गाळायचे. तळाला दोन बोटे वाळू, मध्ये हा दगड, पाणी खेळते ठेवायला छोटा पंप. आणि रोज दिवेलागणीला माशांच्या खाद्याची एक चिमूट पाण्यात सोडायची.

"मासे केव्हा न्यायचे?"

"माशांचं पुढे बघू. घास मात्र आजपासून."

"रिकाम्या पेटीत? मग तो खाणार कोण?"

"तेच तुम्ही येऊन मला सांगायचं आहे," आबा म्हणाले.

म्हातारपणी माणूस असे काहीबाही बोलतो, हे सिस्टरांनी पुष्कळ पाहिले होते. पण सांगितले ते करायचे, हे त्यांच्या अंगात मुरलेले होते. सर्जनने कात्री मागितली की ती कशाला, असे विचारायचे नसते. गणपती नुकतेच गेले होते. दिवाळीला सात आठवडे अवकाश होता, आणि सात आठवड्यांत आपण दोन पेट्या तयार करू, अशी सिस्टरांची खात्री होती.

आता आज्ञाधारक माणसाची एक गंमत असते. सांगितलेले तर तो करतोच, पण न सांगितलेलेही थोडे आपल्या पदरचे घालतो. घरी येऊन सिस्टरांनी गोणपाट सोडले, तर दगडाला समुद्राच्या तळाचा वास येत होता आणि एका भोकातून बारीकसा किडा डोके काढून बघत होता. चौतीस वर्षे ज्या हातांनी असला एक कण आत येऊ दिला नाही, त्या हातांनी काय करावे? वाळू तीनदा उकळली. काच स्पिरिटने पुसली. आणि आबांचा दगड कुकरमध्ये ठेवून पाच शिट्ट्या घेतल्या.

दगड पांढराशुभ्र निघाला. पेटी भरली, पंप सुरू झाला, पाण्यातून पलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येई. एखादी शस्त्रक्रिया करता यावी इतकी स्वच्छ पेटी सिस्टरांनी उभी केली होती, आणि त्यांना तिचा अभिमान वाटला.

रोज दिवेलागणीला त्या चिमूट सोडत. चिमूट वाळूवर जाऊन बसे ती दुसऱ्या दिवशीही तिथेच. हळूहळू तिच्यावर पांढरी लव धरू लागली. पाणी गढुळले. आबांनी पाणी तपासायचे थेंब दिले होते: काचनळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे; पिवळे राहिले तर ठीक, हिरवे झाले तर पाण्यात विष आहे. पंधराव्या दिवशी नळी हिरवीगार झाली. सिस्टरांनी तीनदा तपासले, आणि तिन्ही वेळा तेच झाले. मग मात्र त्यांनी आबांना बोलावणे धाडले.

आबा काठी टेकत आले. पेटीवर वाकले, वास घेतला, दगडाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"याला काय केलंत?"

"निर्जंतुक केला," सिस्टर म्हणाल्या. आवाजात अजून थोडी ऐट होती.

"कशात?"

"कुकरमध्ये. पाच शिट्ट्या."

आबा खुर्चीत बसले. "आमच्याकडे मटणालासुद्धा चार पुरतात," ते म्हणाले. मग गंभीर झाले. "तुम्हांला वाफ बाधली नाही, हे नशीब समजा. असल्या काही दगडांवरचे जीव उकळले तर वाफ माणसाच्या छातीत बसते. पुन्हा हे करू नका."

सिस्टरांना अजून उमगले नव्हते. "पण आबा, स्वच्छ नको का?"

तेव्हा आबा बोलले. फार बोलणारा माणूस नव्हे तो, पण त्या दिवशी बोलले.

"सिस्टर, तुम्ही जिथे आयुष्य काढलंत तिथे माणसाचं पोट उघडं असायचं. उघड्या पोटाशी एकही जंतू नको, हे खरंच. पण तोच पेशंट बरा होऊन घरी जेवायला बसला, की तुम्ही त्याला काय सांगायचात? दहीभात खा. ते दही लागतं कशानं? कालच्या दह्याच्या चमचाभर विरजणानं. ते विरजण उकळून दुधात घातलंत तर सकाळी दूध नासलेलं मिळेल, दही मिळणार नाही. मी तुम्हांला दगड दिला नव्हता, विरजण दिलं होतं. मासा खातो आणि घाण करतो. ती घाण त्याच्यासाठी विष आहे. त्या विषावरच जगणारे लक्षावधी जीव त्या भोकांत राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. घर त्यांचं आहे, सिस्टर. मासा पाहुणा. घरच्यांना उपाशी ठेवून पाहुणा बोलावला, तर त्याचं उष्टं कोण काढणार? म्हणून आधी घरच्यांना जेवू घालायचं. ती चिमूट त्यांची होती."



"म्हणजे मी त्यांना मारलं," सिस्टर म्हणाल्या.

"मारलंत," आबा म्हणाले. उगाच गोड बोलून समजूत घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "तिथे जे पुण्य होतं, ते इथे चुकलं. इतकंच. हात वाईट नाहीत तुमचे."

सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आले. इतकी मोठी शस्त्रक्रियागृहे सांभाळली आणि एक दगड सांभाळता आला नाही, याचे त्यांना फार वाईट वाटले. पाच आठवडे उरले होते. आबांच्या पेटीत आता एकच दगड राहिला होता, आणि त्याच्या पोटातल्या खळगीत ती जोडी सोळा वर्षे झोपत आली होती.

दुसऱ्या दिवशी आबांनी तोच काढून दिला.

"आबा, मग ते झोपतील कुठे?"

"कोपऱ्यात, अंग चोरून. पाच आठवडे काढतील. मोठी माणसं आहेत ती."

या खेपेला सिस्टरांनी दगड आबांच्याच पेटीतल्या पाण्यात बुडवून बादलीतून नेला, वाटेत कोणाशी बोलायलासुद्धा थांबल्या नाहीत. उकळलेली वाळू काढून किनाऱ्यावरची जिवंत वाळू घातली, भरतीचे नवे पाणी भरले. भोकातला किडा याही दगडात होता. सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिले आणि मान वळवली.

खरी परीक्षा पुढेच होती. तिसऱ्या आठवड्यात काचेवर, वाळूवर, दगडावर तपकिरी साय धरली. आबांनी बजावले होते की हे होणार. समोरची काच तेवढी पुसा, बाकी हात लावू नका. इकडे गावभर दिवाळीची साफसफाई सुरू झालेली. घरोघरी माळे उतरत होते, डबे घासले जात होते. आणि जिच्या घरी चमचासुद्धा डावा-उजवा होत नसे, त्या कुंदा सिस्टरांच्या बैठकीत तपकिरी वाळूची, बिनमाशांची एक पेटी उभी होती. शेजारणी चिवड्याचे प्रमाण विचारायला येत आणि पेटीकडे बघून काही न बोलता परत जात. ते न बोलणे सिस्टरांना जास्त लागे. एकदा तर घासणी हातात घेऊन त्या पेटीसमोर उभ्या राहिल्या. मग घासणी ठेवली, स्वयंपाकघरात गेल्या आणि सगळी भांडी पुन्हा एकदा घासून काढली. भांड्यांनी काही पाप केले नव्हते, पण हातांना काम हवे होते.

व्यापारीही एकदा डोकावून गेले. सिस्टर तेव्हा चिमूट सोडत होत्या.

"सिस्टर, कुणाला जेवायला घालताय?" शेठजी हसून म्हणाले. "आमची पेटी बघा एकदा येऊन. आरसा आहे आरसा. आबांना सांगा, उगाच वाट बघू नका."

"सांगते," सिस्टर म्हणाल्या, आणि चिमूट सोडून हात पुसले.

नळी आधी हिरवी होती. मग पोपटी झाली. चौथ्या आठवड्यात एका सकाळी सिस्टरांनी थेंब टाकले आणि पाणी पिवळे राहिले. वाळूवर आदल्या संध्याकाळच्या चिमटीची खूणसुद्धा नव्हती. त्यांनी कोणाला सांगितले नाही. त्या दिवशी चिमूट थोडी मोठी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळे. आठ दिवस त्या रोज पिवळे पाणी बघत राहिल्या आणि प्रत्येक दिवशी त्यांना तितकाच आनंद झाला.

पाडव्याच्या सकाळी आबा आले. झाकणाच्या भांड्यात जोडी होती. भांडे ठेवायच्या आधी त्यांनी विचारले, "सिस्टर, कोण जेवलं?"

"नावं माहीत नाहीत, आबा," सिस्टर म्हणाल्या. "मी त्यांना पाहिलंही नाही. पण रोज पान स्वच्छ असतं."

आबांनी मान हलवली आणि भांडे त्यांच्या हाती दिले. सिस्टरांनी पेटीतले पाणी वाटीवाटीने त्यात घातले, तासभर धीर धरला, मग जोडीला सोडले. दोघे क्षणभर मध्येच थबकले. काच नवी, उजेड नवा. मग मादी वळली, दगडाभोवती एक फेरी मारली आणि आपल्या खळगीत शिरली. नर तिच्या मागोमाग गेला.

"ओळखलं," आबा म्हणाले. सिस्टरांनी त्यांचा हात धरला, मोतीबिंदूच्या वेळी धरला होता तसाच. त्या आठवड्यात आबा अकोल्याला गेले, आणि निश्चिंत मनाने गेले.

वर्ष गेले. एके दिवशी कापडाचे व्यापारी सिस्टरांच्या दारी आले. हसत नव्हते. त्यांच्या आरशासारख्या पेटीतला सातवा मासा सकाळी मेला होता, आणि या खेपेला त्यांच्या नातीने तो पाहिला होता. तुमच्या जोडीला पिल्लं झाली तर दोन द्या, असे ते म्हणाले.

सिस्टर आत गेल्या. सहा महिने त्या जोडीच्या दगडाला टेकवून ठेवलेला एक मुठीएवढा दगड त्यांनी पाण्यातून काढला आणि ओल्या गोणपाटात गुंडाळला. शेठजींनी तो उलटसुलट करून पाहिला, वास घेतला, नाक मुरडले. "हा चांगला धुऊन घेतो आधी," ते म्हणाले.

आपल्याही घरी पाहुणे येण्याआधी आपण काय काय घासून टाकतो, याचा विचार वाचकांनी सवडीने करावा. सिस्टरांनी मात्र गोणपाट पुन्हा नीट गुंडाळून दिले.

"धुऊ नका," त्या म्हणाल्या. "आणि उकळू तर मुळीच नका."

चौतीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते.